बोळातून कुणीच का जात नाही?

माणसं कुठून चालतात, हे खुद्द माणसांपेक्षा मला जास्त कळतं! त्यांनी फक्त चालावं. कुठून, का आणि कुठे वळून, ते मी सांगतो!

हे वाक्य मी एका सोमवारी सकाळी डोरीनच्या कॅफेत, टोस्टवर बीन्स वाढून घेताना, चांगला आवाज चढवून म्हणालो. शेजारच्या टेबलावरचे दोन रंगारी खाणं थांबवून माझ्याकडे बघायला लागले. मला वाटलं, आदराने बघताहेत. नंतर कळलं की माझ्या टायला बीन्स लागल्या होत्या.

एवढी मिजास आली कुठून? तर चाळीस पानांमधून! मी नगररचनाकार आहे. बावीस वर्षं दक्षिण लंडनमध्ये हेच काम करतोय. आमच्या ऑफिसची मुख्य फिलिपा, माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान आणि चौदापट तिखट. तिने आदल्या शुक्रवारी माझ्या टेबलावर कागदांचा एक गठ्ठा आपटला. वर ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'स्पेस सिन्टॅक्स : नगररचनाकारांसाठी पहिली ओळख'.

"शनिवार-रविवारात वाच," ती म्हणाली. "मंगळवारपासून तुला फार्दिंग बोळात माणसं मोजायची आहेत."

"फिलिपा, बावीस वर्षं मी रस्ते आणि चौक आखतोय. मला कसली पहिली ओळख?"

"तू आखलेल्या चौकात मी गेल्या महिन्यात गेले होते, डेझमंड. तिथे एक कबुतर होतं. तेही निघायच्या बेतात होतं."

मी निमूटपणे गठ्ठा उचलला.

आणि काय सांगू! वाचलं आणि डोळे खाडकन उघडले. इतकी वर्षं माझी समजूत अशी की बाक टाकले, झाड लावलं, कारंजं सोडलं की माणसं धावत येतात. हा सिद्धान्त म्हणतो, बाबा रे, तुझं कारंजं ठेव तुझ्यापाशी! माणसांची ये-जा ठरते ती रस्ते एकमेकांना कसे जोडलेत त्यावरून. नकाशावर नजर पोचेल तितक्या लांब सरळ रेघा आखायच्या. मग एका रेघेवरून बाकी सगळ्या रेघांवर जायला किती वळणं पडतात ते मोजायचं. जिथून थोड्या वळणांत सगळीकडे पोचता येतं तो रस्ता लाल. जिथे पोचायला वळणांवर वळणं, तो निळा. लाल तिथे वर्दळ, निळा तिथे शुकशुकाट. संपलं शास्त्र!

रविवारी दुपारपर्यंत मी आमच्या राहत्या घराचासुद्धा असा नकाशा काढला. स्वयंपाकघर लालबुंद आलं आणि माझी अभ्यासाची खोली गडद निळी.

"म्हणजे त्या खोलीकडे कुणी फिरकत नाही, हेच ना?" हेस्टर, म्हणजे माझी बायको, म्हणाली. "दोन दिवस घालवलेस त्यासाठी? मला विचारायचंस!"

बायकोला शास्त्राचं महत्त्व पटवण्यात अर्थ नसतो, म्हणून मी सोमवारी सकाळी ते डोरीनला पटवायला गेलो.

डोरीनला खरोखरच त्याची गरज होती. फार्दिंग बोळ म्हणजे साडेचार फूट रुंद, साठ पावलं लांब, दोन्ही बाजूंना विटांच्या भिंती. एका टोकाला लार्कहिल वसाहत, चारशे घरांची. दुसऱ्या टोकाला बसथांबा, कपडे धुण्याचं दुकान आणि डोरीनचं कॅफे. बोळातून आलं तर दोन मिनिटं, मोठ्या रस्त्याने वळसा घातला तर एकोणीस. आणि पालिकेला हा बोळ लोखंडी फाटक बसवून कायमचा बंद करायचा होता! का, तर तिथे बिअरचे डबे पडतात आणि 'तसंही तिथून कुणी जात नाही'. कुणी जात नाही, हे पाहिलं कुणी? पालिकेच्या एका साहेबाने. एकदा. जाता जाता, गाडीतून! पण नियमाला धरून रीतसर मोजणी करायची ठरली आणि ते काम आमच्या ऑफिसकडे आलं. शुक्रवारी चर्चच्या हॉलमध्ये सभा. आकडा मोठा निघाला तर बोळ वाचला, छोटा निघाला तर फाटक.

फाटक लागलं की डोरीनचं कॅफे बंद पडणार हे उघड होतं. तिची सगळी गिऱ्हाइकं वसाहतीतली. चहाच्या एका कपासाठी एकोणीस मिनिटं पायपीट कोण करणार? सदुसष्ट वर्षांची बाई, एकतीस वर्षं पहाटे साडेपाचला उठून अंडी तळतेय. नवरा गेला, तेव्हाही चौथ्या दिवशी तिने दुकान उघडलं होतं. "घरी बसून कुणासाठी तळू?" असं तेव्हा म्हणाली होती.

"मला खरं सांग, राजा," डोरीनने काउंटरवर कोपर टेकून विचारलं. ती सगळ्यांनाच राजा म्हणते, स्वच्छता तपासायला येणाऱ्या इन्स्पेक्टरलासुद्धा. "वाचेल का माझं दुकान?"

मी खिशातून नकाशा काढून तिच्यापुढे पसरला. फार्दिंग बोळ त्यात लालभडक होता. "बघा! अख्ख्या भागात याच्याइतकी लाल रेघ नाही. म्हणजे माणसं इथूनच जाणार. जावंच लागेल त्यांना!"

"जातातच की. तुझ्या रेघा यायच्या आधीपासून जाताहेत."

"मग झालं तर! तीन दिवस मोजतो, शुक्रवारी आकडे तोंडावर फेकतो, पालिका गप्प!"

डोरीनने माझ्या ताटलीत एक सॉसेज जास्त टाकलं. तिने इतक्या विश्वासाने माझ्याकडे पाहिलं की माझी छाती आणखी दोन इंच फुगली.

आता मोजणीची रीत सांगतो, म्हणजे माझा चोखपणा तुमच्या ध्यानात येईल. रस्त्याला आडवी एक काल्पनिक रेघ मनात धरायची आणि ती रेघ ओलांडणारी माणसं मोजायची. दर तासाला पाच मिनिटं मोजली तरी चालतं, असं त्या चाळीस पानांत म्हटलेलं. पण मी काय असा अर्धवट काम करणारा माणूस आहे? पाच मिनिटं कसली, मी सकाळी सात ते संध्याकाळी सहा मोजणार! आणि रेघ काल्पनिक तरी का ठेवायची? वसाहतीकडच्या तोंडाशी मी खडूने खरीखुरी पांढरी रेघ आखली! रेघेवर एखादं पाऊल जरी पडलं तरी नजरेतून सुटू नये म्हणून घडीची खुर्ची बरोबर रेघेच्या मधोमध मांडली. अंगात ऑफिसच्या नियमाप्रमाणे नारिंगी जाकीट. पावसाची भुरभुर होती म्हणून डोक्यावर छत्री. आणि मी. माझ्या आकाराला हेस्टर 'भरदार' म्हणते.

मंगळवारी सात वाजून चाळीस मिनिटांनी पहिलं गिऱ्हाईक आलं. दोन पोरांची बोटं धरून एक बाई. मी पेन सरसावलं. ती तोंडाशी आली, थांबली, माझ्याकडे पाहिलं, "सॉरी" म्हणाली आणि पोरांना घेऊन आली तशी परत गेली!

असेल, घरी काही विसरली असेल.

मग एक सूटवाला आला. थांबला. "सॉरी." परत गेला! मग कामाचे बूट घातलेली तीन माणसं. "सॉरी," "सॉरी," "सॉरी, हं." परत! मग एक हिरव्या कोटातली म्हातारी, चाकांची पिशवी ओढत. तिने तर लांबूनच हात वर करून सॉरी म्हटलं आणि पिशवीसकट वळली.

माझं डोकं तापायला लागलं. अरे, एक पाऊल! रेघेपर्यंत आलायत, आता फक्त एक पाऊल पुढे टाका ना! मी त्यांना धीर यावा म्हणून हसून बघायला सुरुवात केली. त्याने उलटाच परिणाम झाला. अनोळखी माणूस सकाळी सकाळी आपल्याकडे बघून हसतोय म्हटल्यावर लंडनची माणसं जितकी भराभर चालतात, तितकी भराभर ती चालायला लागली. विरुद्ध दिशेला!

तरी मी चोख. 'रेघ ओलांडली' या रकान्यात शून्य भरत राहिलो आणि माझ्या समाधानासाठी वहीत शेजारी दुसरा एक रकाना पाडला, 'आले, सॉरी म्हणाले, परत गेले'. तो रकाना भराभर भरत होता. पहिल्या रकान्यात दिवसभरात एकच उमेदवार आला. एक मांजर. ते माझ्या खुर्चीखालून अगदी ऐटीत पलीकडे गेलं. मांजर मोजणीत धरायचं की नाही, याविषयी चाळीस पानांत एक अक्षर नव्हतं.

अकरा वाजता डोरीन चहाचा मग घेऊन बोळाच्या आतल्या बाजूने माझ्यापर्यंत आली. चेहरा उतरलेला.

"काय झालंय कळत नाही, राजा. आज वसाहतीतलं एक माणूस फिरकलं नाही. एवढी अंडी तळून ठेवली, तशीच पडलीत."

"मलाही तेच कोडं पडलंय! डोरीन, तुम्ही एक काम करा. मी जरा बाजूला होतो, तुम्ही ही रेघ ओलांडून वसाहतीच्या बाजूला या."

"कशाला?"

"म्हणजे एक तरी होईल!"

"आणि मग परत आले की दोन होतील?"

"होतील ना!"

डोरीनने रिकामा मग माझ्या हातातून काढून घेतला. "नाही रे बाळा. ही लबाडी झाली. माझं दुकान बुडायचंच असेल तर खऱ्या आकड्यावर बुडू दे." आणि ती पाठ फिरवून साठ पावलं चालत परत गेली. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू! आणि संतापही आला. ही बाई एका आकड्याची लबाडी करायला तयार नाही आणि या चारशे घरांमधल्या दळभद्र्यांना एक पाऊल टाकवत नाही!

संध्याकाळी फिलिपाला फोन केला.

"शून्य?" ती म्हणाली.

"शून्य. एक मांजर."

"नकाशा लालभडक आणि आकडा शून्य? डेझमंड, एक तर सिद्धान्त चुकलाय, नाही तर तू."

"सिद्धान्त!" मी एका क्षणात उत्तर दिलं.

बुधवारी मी दुसरं हत्यार काढलं. त्या चाळीस पानांत अशीही एक रीत दिली होती की वाटेवरचं कुठलंही एक माणूस निवडायचं आणि ठरावीक अंतर ठेवून त्याच्या मागे जात त्याची वाट नकाशावर आखायची. माणसं परत वळून जातात ती जातात तरी कुठे, ते तरी कळेल! सकाळी दहाला ती हिरव्या कोटातली म्हातारी आली, माझ्याकडे पाहून नेहमीप्रमाणे सॉरी म्हणाली आणि वळली. मी उठलो. जागा जाऊ नये म्हणून खुर्ची तशीच रेघेवर ठेवली, तिच्यावर नारिंगी जाकीट घातलं, छत्री उघडून बांधली आणि कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून चिकटवलं, 'काम चालू आहे. कृपया खुर्ची हलवू नये.'

मग निघालो तिच्या मागे, हातात नकाशा घेऊन.

ती थांबली की मी थांबायचो. तिने रस्ता ओलांडला की मी ओलांडायचो. ती एका बंद दुकानाच्या काचेत बघायला लागली, म्हणून मी शेजारच्या दुकानाच्या काचेत बघायला लागलो. ते अंत्यविधीचं सामान पुरवणाऱ्याचं दुकान होतं. तिने एकदा वळून पाहिलं आणि मग एक्याऐंशी वर्षांच्या बाईला शोभणार नाही असा वेग घेतला. मोठा रस्ता, सिग्नल, पुन्हा मोठा रस्ता! मला धाप लागली. शेवटी ती शिरली कुठे? डोरीनच्या कॅफेत! मी घाम पुसत दारात पोचतो तर आतून आवाज.

"डोरीन, एक जाडा माणूस माझ्या मागावर आहे!"

दोन्ही रंगारी उभे राहिले. एकाच्या हातात काटा होता.

"अगं विनिफ्रेड, हा तर आपला डेझमंड," डोरीन म्हणाली. "मोजणीचं काम करतो. निरुपद्रवी आहे."

"मी तुमची वाट आखत होतो, बाई," मी कसाबसा म्हणालो. "शास्त्रीय कामासाठी."

विनिफ्रेडबाईंनी मला वरपासून खालपर्यंत नीट पाहिलं. मला ओळखल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं आणि का कोण जाणे, त्या कानापर्यंत लाल झाल्या. मी संधी सोडली नाही. "मला एकच सांगा. तुम्ही बोळापर्यंत आलात. मग बोळातून का नाही गेलात?"

विनिफ्रेडबाई हातमोजे काढायला लागल्या, मग पुन्हा घालायला लागल्या. "नाही म्हणजे... म्हटलं जरा चालावं."

"पावसात?"

"पाऊस छान असतो."

"मीही आज मोठ्या रस्त्यानेच आलो," काटावाला रंगारी एकदम म्हणाला आणि खाली बसला. "पाऊस छान होता."

मी वहीत लिहून घेतलं, 'नागरिकांना लांबचा रस्ता आणि पाऊस आवडतो. सिद्धान्त साफ चूक.' वर आणखी कहर असा की निघताना विनिफ्रेडबाई म्हणाल्या, "परतही मागे येणारच असाल तर ही पिशवी तरी ओढा." त्या पिशवीत सहा किलो बटाटे होते आणि एका चाकाने केव्हाच राम म्हटला होता. एकोणीस मिनिटं!

परत येऊन बघतो तर माझ्या खुर्चीशेजारी दुसरा एक नारिंगी जाकीटवाला, नाकाने हवा हुंगत उभा.

"तुम्ही कोण?" मी ओरडलो.

"गॅस कंपनी. गळती कुठे आहे?"

"कसली गळती?"

"तेच विचारतोय. कालपासून इथे नारिंगी जाकीटवाला बसलाय, म्हणजे गळती असणार, असे आम्हाला नऊ फोन आले. आणि एक फोन असा की माणूस विरघळला, नुसतं जाकीट उरलंय!"

"मी मोजणी करतोय!"

"गॅसची?"

"माणसांची!"

त्याने इकडेतिकडे पाहिलं. "कुठायत?"

आधीच उल्हास, त्यात हा फाल्गुन मास! मी वही उघडून बसलो. तरी त्याने नियम म्हणून पाऊण तास हवा हुंगली आणि जाताना सावधगिरी म्हणून माझ्या दोन्ही बाजूंना एकेक लाल-पांढरा शंकू ठेवला.

गुरुवारी पुन्हा शून्य. मांजरसुद्धा आलं नाही. संध्याकाळी मी अहवाल लिहिला आणि मनातला सगळा राग त्यात ओतला. 'हा सिद्धान्त कागदावर शोभतो, रस्त्यावर नाही,' असं एक वाक्य तर मी दोनदा लिहिलं. फिलिपाने पालिकेला आकडे जसेच्या तसे पाठवून दिले. आमच्या धंद्यात आकडा गैरसोयीचा निघाला म्हणून लपवत नाहीत.

पण डोरीनला ते सांगायचं काम माझ्याकडेच होतं. मी गेलो तेव्हा ती काउंटर पुसत होती.

"शून्य आलंय, डोरीन. तिन्ही दिवस."

तिने पुसलेलीच जागा पुन्हा पुसली. मग पुन्हा एकदा पुसली. "असू दे, राजा. तू आपलं काम केलंस. तीन दिवस भिजलास माझ्यासाठी." आणि तिने बेदाण्यांचा गोड पाव भाजून, लोणी लावून माझ्यापुढे ठेवला. पाव संपवला मी, पण प्रत्येक घास जड गेला.

शुक्रवारी पाच वाजता चर्चचा हॉल भरला. बिस्किटांच्या ताटल्या फिरल्या. पालिकेचे प्रिडीसाहेब, म्हणजे तेच गाडीतून पाहणारे, पडद्यावर आकडे दाखवत होते. मी आणि फिलिपा पहिल्या रांगेत. डोरीन दाराजवळ, कोट न काढता बसलेली.

"मंगळवार, शून्य," प्रिडीसाहेब खुशीत म्हणाले. "बुधवार, शून्य. गुरुवार, शून्य. तेव्हा फाटक बसवायला कुणाची हरकत नसावी. कुणाला काही बोलायचं आहे?"

लोक बुटांकडे बघत राहिले. मग तिसऱ्या रांगेतून विनिफ्रेडबाई हळूच उठल्या.

"मला तक्रार करायची नाहीये," त्या म्हणाल्या. "पण मी त्या बोळातून रोज चार वेळा जाते."

"मग या तीन दिवसांत, बाई?"

"या तीन दिवसांत नाही जमलं. बोळात एक गृहस्थ बसले होते."

"बसले होते म्हणजे?"

"खुर्ची टाकून. अगदी मधोमध. कामात होते बिचारे. त्यांना उठवणं बरं दिसलं नसतं. मी सॉरी म्हणाले आणि मोठ्या रस्त्याने गेले."

"मीही सॉरी म्हणाले," मागून ती पोरांची आई म्हणाली. "मंगळवारी शाळेला उशीर झाला आमच्या."

"मी दोनदा म्हणालो," सूटवाला म्हणाला. "त्यांना ऐकू गेलं नसावं."

"बुधवारी ते नव्हते, नुसती खुर्ची होती!"

"मग खुर्ची हलवायची ना!" प्रिडीसाहेब.

"अहो, पण चिठ्ठी होती. हलवू नये म्हणून!"

"मला तर वाटलं, गॅस आहे."

"थांबा, थांबा!" प्रिडीसाहेबांनी टेबलावर हात आपटला. "इतके लोक आलात आणि परत गेलात? तीन दिवसांत एकालाही त्यांना 'जरा सरका' म्हणता आलं नाही?"

सगळा हॉल अवाक् झाला. प्रिडीसाहेबांनी जणू काही भर सभेत कपडे उतरवले होते.

"असं कसं म्हणणार, साहेब?" रंगारी म्हणाला. "ओळख ना पाळख."

तेव्हा, वाचकहो, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला! मी! बोळातून कुणी जात नव्हतं, कारण बोळात मी होतो! साडेचार फुटांतले अडीच फूट खुर्चीने खाल्ले होते, उरलेले छत्रीने आणि माझ्या भरदारपणाने. डोरीनची अंडी माझ्यामुळे वाया गेली होती. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. बरं, त्या दोनशे माणसांनी माझ्याकडे रागाने पाहिलं असतं तरी चाललं असतं. पण मला संकोच होऊ नये म्हणून सगळेजण कटाक्षाने छताकडे बघत होते! ते फार भयंकर होतं.

"डेझमंड," फिलिपा दातांवर दात ठेवून म्हणाली. "वही."

"कुठली?"

"तुझी मोजणीची वही. शेजारी काहीतरी दुसरा रकाना दिसला होता मला."

मी वही दिली. ती उठून उभी राहिली आणि मोठ्याने वाचायला लागली. "'आले, सॉरी म्हणाले, परत गेले.' मंगळवार, दोनशे बारा. बुधवार, थोडा वेळ मोजणारा जागेवर नसूनही, एकशे सत्त्याऐंशी. गुरुवार, दोनशे एकतीस. एकूण सहाशे तीस! साडेचार फुटी बोळाला, पावसात, समोर खुर्ची दिसत असताना! प्रिडीसाहेब, एवढी माणसं तुमच्या मोठ्या रस्त्यावर तरी निघतील का?"

प्रिडीसाहेबांनी वही घेतली, दोनदा वाचली, घसा खाकरला. माझं अक्षर स्वच्छ, प्रत्येक नोंदीला वेळ घातलेली. खोटं म्हणायला जागाच नव्हती.

"म्हणजे सिद्धान्त बरोबर होता," फिलिपा खाली बसता बसता मला हळूच म्हणाली. "माणसंही बरोबर होती." पुढचं वाक्य तिने पुरं केलं नाही. तेवढी माणुसकी आहे तिच्यात.

दहा मिनिटांनी फाटकाचा प्रस्ताव मागे घेतला गेला. टाळ्या झाल्या. इतक्या वेळ छताकडे बघणारी माणसं एकमेकांना बिस्किटं भरवायची तेवढी बाकी राहिली. डोरीनने विनिफ्रेडबाईंना मिठी मारली, कोट काढला आणि भर हॉलमध्ये मोकळेपणी रडली. माझेही डोळे भरून आले. मी कोपऱ्यात उभा होतो, तिथवर ती गर्दीतून वाट काढत आली आणि माझे दोन्ही हात धरले.

"राजा, तुझ्या वहीने माझं दुकान वाचवलं," ती म्हणाली. "दुसरा कुणी असता तर नुसतं शून्य लिहून घरी गेला असता. आजपासून तुझा रोजचा चहा माझ्याकडून. मी जिवंत आहे तोवर!"

बावीस वर्षांत माझ्या कामाबद्दल मला कुणी चहाचं सोडाच, पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

डोरीनने माझे हात सोडले नाहीत. ती जरा घुटमळली, बुटांकडे पाहिलं, दोनदा बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. शेवटी डोळे बंद करून एका दमात म्हणाली, "सॉरी हं राजा, वाईट वाटून घेऊ नकोस... पण येताना तेवढा मोठ्या रस्त्याने येशील?"

मी "अर्थातच!" म्हणालो. आणि आता तुमच्यापासून काय लपवायचं, रोज तसाच जातो.